घेवड्याचे घराणे

उचगाव, तुरमुरी, बेक्किनकेरे या पश्चिम भागातल्या गावांची भाजी बेळगावच्या बाजारात येते, तेव्हा पाटीतल्या एकाच शेंगेला तीन-चार नावांनी हाक मारली जाते. मराठी गिऱ्हाईक तिला घेवडा म्हणते. मुंबईकडून सुट्टीला आलेली पाहुणी फरसबी म्हणते. कानडी मास्तरीणबाई हुरळीकायी म्हणतात. आणि ज्याला घाई आहे तो, मराठी असो की कानडी, 'बीन्स' एवढेच म्हणून पिशवी पुढे करतो. तीच शेंग वेलीवर वाळू दिली आणि दाणे झोडून काढले, की तिला पाचवे नाव मिळते, राजमा. भाव करताना मात्र यांतले कोणतेही नाव आड येत नाही.

एवढी नावे धारण करणारे हे पीक मुळात आपल्या मुलखातले नाही. त्याचे माहेर सातासमुद्रापलीकडे, मेक्सिकोत आणि त्याच्या दक्षिणेकडच्या अँडीज पर्वतात आहे. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. राजे, तह आणि सनावळ्या यांतच तास संपत असे. ताटात काय आहे आणि ते कोठून आले, हे सांगायला तासात जागा नसे. निवृत्तीनंतर फुरसत मिळाली आणि मी ताटातल्या जिनसांची वंशावळ लिहू लागलो. त्या वहीतले घेवड्याचे पान आज वाचकांपुढे ठेवतो आहे. दोन भाषांच्या घरांत वाढणाऱ्या मुलांसाठी त्यात काही सांगण्यासारखे आहे, असे मला वाटते.

* * *

मेक्सिकोच्या मूळ रहिवाशांची एक मोठी भाषा म्हणजे नाहुआत्ल. आजही तेथे लाखो लोक ती बोलतात. तिच्यात घेवड्याच्या दाण्याला 'एत्ल' म्हणतात. रानातल्या मूळ वेलीची शेंग वाळली की तडकते आणि दाणे दूर उडतात. दाणाही अगदी बारीक. माणसाने न तडकणारी शेंग आणि टपोरा दाणा निवडून तोच बियाण्याला ठेवला, पिढ्यान्‌पिढ्या ठेवला, आणि रानवेलीचे पीक झाले. हे काम मेक्सिकोत आणि अँडीजमध्ये दोन ठिकाणी स्वतंत्रपणे, काही हजार वर्षांपूर्वी झाले, असे आजचे शास्त्र सांगते.

तेथल्या शेताची जुनी पद्धत आपल्या शेतकऱ्याला परकी वाटणार नाही. तिला 'मिल्पा' म्हणतात. एकाच शेतात मका, घेवडा आणि भोपळा. मक्याचे ताट हा घेवड्याच्या वेलाचा मांडव. भोपळ्याची रुंद पाने जमीन झाकतात, ओल टिकवतात आणि तणाला वर येऊ देत नाहीत. घेवड्याच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात. आपल्याकडे ज्वारीत तुरीच्या ओळी टाकणारा शेतकरी हेच करीत आला. ताटातही तीच जोडी दिसते. मक्यात किंवा ज्वारीत जे प्रथिनघटक कमी, ते कडधान्यात भरपूर. कडधान्यात जे कमी, ते धान्यात पुरेसे. म्हणून तेथे मक्याची भाकरी आणि घेवडा, येथे ज्वारीची भाकरी आणि आमटी.

१५२१ मध्ये स्पॅनिश फौजांनी अ‍ॅझ्टेक लोकांची राजधानी जिंकली. त्यानंतर वीसेक वर्षांनी तयार झालेली एक सचित्र पोथी आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. 'कोडेक्स मेंडोसा' हे तिचे नाव. कोणत्या प्रांताने राजधानीला काय खंडणी द्यायची, त्याची चित्रे तिच्यात आहेत, आणि त्या खंडणीत कापड, पिसे, सोने यांच्याबरोबर मक्याच्या आणि घेवड्याच्या कणग्या आहेत. म्हणजे आपल्याकडे राजभाग म्हणून भात जावे, तसा तेथे घेवडा जात असे.

दुसरा ग्रंथ मला अधिक जवळचा वाटतो. बेर्नार्दिनो दे साहागून या स्पॅनिश पाद्र्याने तेथल्या जाणत्या माणसांना आणि लेखकांना हाताशी धरून बारा भागांचा एक प्रचंड ग्रंथ तयार केला. सुमारे १५७७ मध्ये तो पूर्ण झाला. त्यात देवदेवता आहेत, बाजार आहे, वनस्पती आहेत आणि घेवड्याच्या जातीही आहेत. पानावर दोन रकाने, एकात नाहुआत्ल आणि शेजारी स्पॅनिश. दोन्ही रकाने सगळीकडे सारखे नाहीत; काही गोष्टी एका भाषेत विस्ताराने आहेत आणि दुसरीत थोडक्यात. दुभाषी घरात राहणाऱ्याला याचे नवल वाटू नये. आपल्याही घरात काही गोष्टी एका भाषेत नीट सांगता येतात आणि दुसरीत नुसत्या उरकाव्या लागतात.

* * *

पीक समुद्र ओलांडते, पण त्याची रीत बरोबर येतेच असे नाही. याचा मोठा धडा मक्याने युरोपला दिला. मेक्सिकोतल्या बायका मका चुनखडीच्या पाण्यात शिजवून, भिजवून मग वाटतात. त्यामुळे मक्यातले एक जीवनसत्त्व अंगी लागते. युरोपियनांनी मका नेला, चुन्याची रीत नेली नाही; आणि अठराव्या शतकात स्पेन व इटलीतल्या मका खाऊन जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा नावाचा भयंकर रोग पसरला. हे वाचल्यावर माझ्या मनात आले, की घेवड्याची तरी माहेरची रीत एकदा करून पाहावी. आपण राजमा पंजाबी मसाल्यात कुकरला लावून खातो. त्याच्या घरी त्याला कसे शिजवतात?

मेक्सिकोत या पदार्थाला जे नाव आहे, त्याचा अर्थ 'मडक्यातला घेवडा' एवढाच. मडके मातीचेच. आपल्याला मडक्याची वाण नाही. खानापूरची माती भांड्यांसाठी पूर्वीपासून नावाजलेली, आणि खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्थाही तेथेच आहे. जाता जाता सांगतो, मराठीत गाडगे आणि मडके, तर कानडीत गडिगे आणि मडिके. कोणी कोणाकडून घेतले याचा वाद पंडितांनी करावा. भाजी दोन्हींत सारखीच शिजते.

कृती अशी. पाव किलो वाळका घेवडा निवडून, खडे काढून धुवावा. आदल्या रात्री पाण्यात थोडे मीठ घालून भिजत टाकावा. मेक्सिकोतल्या कित्येक घरांत भिजवीत नाहीत, पण आपल्याकडे दाणा दुकानात किती दिवस पडून होता हे कळत नाही, भिजवलेला बरा. मिठाने दाणा कडक होतो अशी आपल्याकडे समजूत आहे. भिजवण्याच्या पाण्यातले मीठ उलट सालीतल्या कॅल्शियमची पकड सैल करते आणि साल मऊ पडते. सकाळी ते पाणी ओतून टाकावे. मडक्यात दाणे घालून वर चार बोटे येईल इतके पाणी, अर्धा कांदा, लसणीच्या दोन-तीन पाकळ्या आणि चमचाभर चरबी. तेथे डुकराची चरबी घालतात. आपण शेंगदाण्याचे तेल घालावे.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पहिली निदान दहा मिनिटे पाणी खळखळा उकळले पाहिजे. कच्च्या घेवड्यात, विशेषतः लाल दाण्यात, एक विषारी द्रव्य असते. ते उकळीने नष्ट होते, पण नुसत्या कोमट आचेवर तासन्‌तास ठेवले तर होत नाही, आणि तसला अर्धकच्चा राजमा खाल्ला तर उलट्या-जुलाब होतात. उकळी झाल्यावर मात्र लाकडे मागे ओढावीत. पाणी नुसते हलत राहिले पाहिजे, दाणा नाचता कामा नये. पाणी आटले तर शेजारच्या भांड्यातले गरम पाणी घालावे. गार पाणी घातले तर शिजण्याला खीळ बसते. दाणा बोटात दाबून पिठूळ लागला, की मग चवीचे मीठ घालावे आणि आणखी अर्धा तास ठेवावे. मिरची हवी तर या वेळी आख्खी टाकावी.

चिंच, आमसूल, टोमॅटो यांतले काहीही दाणा मऊ होण्याआधी घालू नये. आंबटाने दाण्यातला पेशी जोडणारा लगदा विरघळत नाही आणि दाणा कुचर राहतो. आपल्या आज्या आमटीत चिंच शेवटी का घालीत, त्याचे कारण हेच. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंच आहे; तेथे पाणी ९३ अंशांच्या आसपास उकळते, म्हणून शिजायला वेळ फार. आपले बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास. पाणी ९७-९८ अंशांना उकळते. नवा दाणा असेल तर दोन-अडीच तास पुरतात. फार जुना असेल तर दिवसभर चूल पेटवूनही तो गणंगच राहतो, त्याला मेक्सिकोतही इलाज नाही.

तेथे शेवटी 'एपासोते' नावाची उग्र वासाची पाने टाकतात. पोटात वारा धरू नये म्हणून. घेवड्यातल्या काही शर्करा आपल्याला पचत नाहीत. त्या मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या वाट्याला जातात आणि पोट फुगते. आपण याच कारणासाठी हिंग आणि ओवा वापरतो. मी हिंग घातला.

* * *

पहिल्यांदा हे मडके आमच्या चुलीवर चढले, तेव्हा सूनबाई जवळच होत्या. त्यांचे माहेर बैलहोंगलकडचे, घरची भाषा कानडी. वाडग्यात दाण्यांबरोबर तपकिरी पाणी आले. मी ते पाणी ओतून नुसते दाणे वाढणार, तोच त्या म्हणाल्या, "मामा, कट ओतताय काय? त्याच्यातच सगळं आहे की!"

मेक्सिकोतल्या सुगरणीनेही अगदी हेच म्हटले असते. मडक्यातल्या घेवड्याचा जीव त्याच्या पाण्यात. तेथे ते पाणी वाडग्यात घेऊन पितात, त्यात मक्याची भाकरी बुडवतात. दुसऱ्या दिवशी उरलेला दाणा आणि तेच पाणी चरबीवर घोटून परततात, त्याचा लगदा होतो, तो पुन्हा भाकरीबरोबर. आपल्याकडे पुरणपोळीच्या दिवशी हरभऱ्याच्या डाळीच्या पाण्याची आमटी होते, ती कटाची आमटी. सूनबाईंच्या माहेरी होळिगे केली की त्याच पाण्याचे कट्टिन सारु होते. हुलगे शिजवले तर त्याच्या पाण्याचेही तसेच. कट आणि कट्टु. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या बायकांनी शिजल्या पाण्याला एकच नाव ठेवले आणि दोघींनीही ते कधी फुकट घालवले नाही.

त्या दिवशी जेवताना नावांचा विषय निघाला. मी विचारले, "तुमच्यात या शेंगेला हुरळीकायी का म्हणतात? हुरळी म्हणजे तर हुलगा. हुलग्याचा आणि हिचा काय संबंध?" सूनबाई हसल्या. म्हणाल्या, "आणि तुमच्यात घेवडा का म्हणतात? घेवडा तर परसातला, वालासारखा, चपट्या शेंगेचा." मला उत्तर सुचले नाही. पण त्या प्रश्नाने जे शोधायला लावले, तेच या लेखाचे सार आहे.

* * *

आपला मूळ घेवडा वाल-पावट्याच्या कुळातला, मांडवावर चढणारा. कानडीत त्याला अवरे म्हणतात. मेक्सिकोची शेंग आली तेव्हा मराठी माणसाने तिच्याकडे पाहिले आणि ओळखीच्या वेलाचे नाव तिला दिले. कानडी माणसाने हुरळीचे नाव दिले. हुरळीकायी म्हणजे हुलग्याची शेंग. हुलगा हे दख्खनचे फार जुने कडधान्य आहे. बळ्ळारी जिल्ह्यातल्या संगनकल्लूसारख्या नवाश्मयुगीन वस्त्यांच्या मातीतून त्याचे जळके दाणे सापडले आहेत. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. म्हणजे कानडीने परदेशी पाहुणीला आपल्या घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या दाण्याचे नाव दिले.

गंमत अशी, की स्पॅनिश लोकांनीही हेच केले होते. १४९२ पूर्वी युरोपात ही शेंग नव्हतीच. जुन्या लॅटिनमध्ये 'फासेओलुस' हा शब्द होता. तो चवळीच्या जातीच्या दाण्याला वापरीत. अमेरिकेत नवा दाणा दिसल्यावर तेच नाव त्याला चिकटले. त्यातून स्पॅनिश 'फ्रिहोल' झाले, पोर्तुगीज 'फेजांव' झाले, आणि लिनियसने १७५३ मध्ये या वनस्पतीला शास्त्रीय नाव दिले, तेही 'फासेओलुस व्हल्गारिस'. नाव चवळीचे, दाणा मेक्सिकोचा. आपल्या शेजारच्या गोव्यात ख्रिस्ती घरांत लाल घेवडा आणि डुकराच्या मांसाचे चोरीस एकत्र शिजवतात; त्या पदार्थाच्या नावात हा 'फेजांव' आजही आहे. नावाच्या या गोंधळाने पंडितांनाही चकवले. घेवडा मूळचा हिंदुस्थानचाच, असे युरोपातले कित्येक वनस्पतिशास्त्रज्ञ बराच काळ मानीत. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पेरू देशातल्या प्राचीन थडग्यांत घेवड्याचे दाणे सापडले, तेव्हा त्याचे खरे माहेर पक्के झाले.

एकदा ही चाल ध्यानात आली, की आपले स्वयंपाकघर वेगळेच दिसू लागते. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि त्यांच्या जहाजांबरोबर अमेरिकेची पिके या किनाऱ्यावर उतरू लागली. तेथून घाट चढून ती आपल्या भागात आली. मिरचीला मराठीने मिरीवरून नाव दिले. कानडीत मेणसु म्हणजे मिरी आणि मेणसिनकायी म्हणजे मिरची. भुईमूग हा शब्द उच्चारताना आपण मुगाचे नाव घेतो. कानडीत कडले म्हणजे हरभरा आणि कडलेकायी म्हणजे भुईमूग. मक्याला कानडी शेतकरी गोविनजोळ म्हणतो, त्यात जोळ म्हणजे ज्वारी. आपल्या पश्चिम भागाची ओळख झालेले रताळे हेही अमेरिकेचे. त्याचे मराठी नाव मात्र जुन्या संस्कृत रक्तालूवरून, म्हणजे लाल कंदावरून आलेले.

सगळ्याच पाहुण्यांना अशी नावे मिळाली नाहीत. निपाणीचे सारे जीवन ज्याच्यावर उभे राहिले, ज्याच्या भावासाठी १९८१ मध्ये शेतकरी रस्त्यावर उतरले, तो तंबाखू आपले परदेशी नाव घेऊनच राहिला. चंदगडचा काजूही तसाच. त्यांच्यासारखे आपल्याकडे आधी काही नव्हते, म्हणून त्यांचे नाव ठेवून घेतले. पण ज्याच्यासारखे काही घरात होते, त्याला दोन्ही भाषांनी घरचे नाव दिले. एकमेकींना न विचारता, एकाच तऱ्हेने.

साताऱ्याकडच्या कोरेगाव तालुक्यात तर हा पाहुणा पुरता घरचा झाला. तेथे वाळक्या दाण्यासाठी जो घेवडा पिकवतात, त्याला वाघ्या घेवडा म्हणतात. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. मेक्सिकोच्या दाण्याला मराठी मातीचा कायदेशीर दाखला मिळाला, असे म्हणायला हरकत नाही.

* * *

हे सगळे मी आनंदाने लिहिले असते आणि थांबलो असतो. पण घरात दोन प्रसंग घडले. नातवाला शाळेत कानडीच्या तासाला चित्र पाहून नाव लिहायचे होते. भुईमुगाच्या चित्राखाली त्याने 'शेंगा' लिहिले. बाईंनी तांबडी रेघ मारून सांगितले, हा मराठी शब्द आहे, कडलेकायी लिही. खरे तर धारवाड, हुबळी, विजापूरपर्यंतचा कानडी शेतकरी भुईमुगाला शेंगाच म्हणतो. पोराची आई कानडी. तिच्या माहेरी हाच शब्द ऐकलेला. पुढे काही महिन्यांनी नात एका मराठी वक्तृत्व स्पर्धेत आजीच्या स्वयंपाकाबद्दल बोलली. बोलण्यात 'हुरळीचे माडगे' आले. परीक्षक म्हणाले, भाषण चांगले, पण कानडी शब्द टाळावेत. हुलग्याचे माडगे म्हणावे.

दोघेही शिकवणारे भले होते. आपापली भाषा नीट राहावी, हीच त्यांची तळमळ. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून या भागात भाषा हा जिव्हाळ्याचा आणि दुखरा विषय आहे. मराठी आपली आहे आणि ती येथे टिकली पाहिजे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. म्हणून तर उचगावला दरवर्षी साहित्य संमेलन भरते तेव्हा पुढच्या रांगेत जाऊन बसतो. पण त्या दोन पोरांचे चेहरे मी पाहिले. पोराला वाटले आईचा शब्द चुकीचा आहे. पोरीला वाटले आजीचा शब्द चुकीचा आहे. आठ-दहा वर्षांच्या मुलाला आपल्या घरातले अर्धे शब्द लपवावेसे वाटू लागले, की ते मूल दोन भाषा शिकत नाही. ते दोन्ही भाषांत गप्प बसायला शिकते.

त्या रात्री मी दोघांना घेवड्याची गोष्ट सांगितली. शेंग परक्या देशातून आली तेव्हा आपल्या पणज्यांनी तिला 'तू कोठली' म्हणून दारात उभे केले नाही. जे नाव घरात मानाचे होते ते तिला दिले आणि चुलीवर चढवली. कानडी पणजीनेही तेच केले. उत्तर कर्नाटकातल्या कानडीने 'शेंगा' हा मराठी शब्द असाच घरात घेतला, आणि आपण 'कट' म्हणतो तेव्हा शेजारणीचा 'कट्टु' त्यात ऐकू येतो. परीक्षेत बाईंना हवा तो शब्द लिहा, कारण परीक्षा ही परीक्षा आहे. पण दुसरा शब्द चूक नाही. तो दुसऱ्या आजीचा आहे.

नातू विचारी आहे. त्याने विचारले, "मग आजोबा, नाव दिलं त्या खऱ्या घेवड्याचं काय झालं?"

प्रश्न वर्मी लागण्यासारखा होता. पाहुण्याला नाव दिले, आणि हळूहळू पाहुणा नावाचा धनी झाला. आज घेवडा म्हटले की शहरातल्या मुलाच्या डोळ्यांपुढे फरसबीच येते. परसातल्या मांडवावरचा चपट्या शेंगेचा घेवडा आठवायला त्याला 'गावठी' हा शब्द जोडावा लागतो. हुलग्याची दशा याहून वाईट. घोड्याचे खाद्य, गरिबाचे कडधान्य म्हणून त्याला हिणवले गेले. कमी पावसावर, हलक्या रानात येणारा, चार हजार वर्षे या मुलखाला पोसणारा दाणा शेताच्या कडेला गेला. आणि आता डॉक्टरने सांगितले म्हणून शहरातला माणूस तोच दाणा दुकानातून पुडीने विकत आणतो. पाहुण्याचे स्वागत करावे, पण घरच्या म्हाताऱ्याचे ताट उचलून ते करू नये. भाषेलाही हेच लागू आहे. दुसऱ्या भाषेचा शब्द घरात घ्यावा. आपला शब्द विसरून जाऊ नये. दोन्ही जमते. आपल्या आज्यांना जमत होते.

सूनबाईंनी यावर बोलण्याऐवजी काम केले. फळीवरच्या कडधान्यांच्या डब्यांना त्यांनी कागद चिकटवले आणि प्रत्येकावर दोन नावे लिहिली, वर मराठी आणि खाली कानडी, आपापल्या लिपीत. हुलगा आणि हुरळी. पावटा आणि अवरे. चवळी आणि अलसंदे. तूर आणि तोगरी. मूग आणि हेसरु. मटकीच्या डब्याशी त्या थांबल्या, कारण खेड्यातली मराठी मडकी म्हणते आणि कानडीतही मडकीच. तेथे एकच शब्द दोन लिप्यांत लिहिला. राजम्याच्या डब्यावर नातवाने स्वतःच्या हाताने तिसरे नाव लिहिले, एत्ल.

यंदा भात कापून झाले की ओलीवर नेहमीप्रमाणे मसूर आणि हरभरा पडेल. पुढच्या पावसाळ्यात बांधाकडेच्या हलक्या पट्टीत हुलग्याच्या दोन ओळी टाकायच्या, असे आमच्या घरी ठरले आहे. वाचकांपैकी ज्यांचे थोडेसे रान असेल त्यांनीही टाकून पाहाव्यात. बियाणे शोधावे लागेल, पण एखाद्या म्हाताऱ्या आत्याच्या उतरंडीत ते नक्की मिळेल. आणि थंडीच्या दिवसांत मातीच्या मडक्यात घेवडा शिजवून पाहावा. पहिली दहा मिनिटे खळखळ, मग मंद आच, आंबट शेवटी. कट मात्र ओतू नये.